घोडीला कुठला घोडा दाखवायचा? जुन्या ऑस्ट्रेलियातल्या जाहिराती कशा वाचाव्यात

१८४३ सालच्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स वसाहतीत, हंटर नदीच्या खोऱ्यात, मेटलंड गावी ‘मेटलंड मर्क्युरी’ नावाचं वर्तमानपत्र निघालं. तिकडे ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे वसंताची चाहूल. ते दिवस आले की अशा गावोगावच्या वर्तमानपत्रांत एक ठरावीक जाहिरात दिसू लागे. वर घोड्याचं छोटंसं चित्र, त्याखाली ठळक टायपात घोड्याचं नाव. मग त्याचा बाप, आई, आईचा बाप, आजी, पणजी अशी लांबलचक नामावळी. मग रंग, उंची, जिंकलेल्या शर्यती. आणि तळाला बारीक अक्षरांत पैशाच्या अटी. सांगायचं एवढंच असे, की हा जातिवंत अंडील (खच्ची न केलेला, पैदाशीचा) घोडा या हंगामात अमक्याच्या कुरणावर उभा राहील, ज्यांना घोड्या भरवायच्या, म्हणजे त्याच्याकडून गाभण करून घ्यायच्या आहेत, त्यांनी पाठवाव्यात.

वरवर वाचलं तर ही जाहिरात कंटाळवाणी वाटते. पण तिच्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ म्हणजे शेतकऱ्याच्या एकेका धास्तीला दिलेलं उत्तर आहे. धास्ती कोणती ते कळलं की ओळ आपोआप उलगडते. म्हणून आधी त्या शेतकऱ्याकडे बघू.

हा शेतकरी गव्हाची, मक्याची शेती करतो, थोडी गुरं राखतो. त्याच्याकडे एक-दोन घोड्या आहेत. नांगराला त्याच, छकड्याला त्याच, रविवारी चर्चला जायलाही त्याच. घोडी सुमारे अकरा महिने गाभण असते आणि एका वेळी एकच शिंगरू देते. म्हणजे वर्षाला एकच संधी. यंदा ऑक्टोबरात घोडी भरवली तर पुढच्या सप्टेंबरात शिंगरू जमिनीवर येणार. ते तीन-चार वर्षांचं झाल्यावर त्याला लगाम आणि खोगीर शिकवणार, आणि मग कुठे ते विकायला किंवा कामाला तयार होणार. १८४३ मध्ये घेतलेल्या निर्णयाचा निकाल १८४७-४८ मध्ये. तोवर पाच वर्षांचा चारा, पाणी, कुंपण, आजारपण सगळं याच्या डोक्यावर. निवडलेला घोडा अधू पायांचा किंवा तापट निघाला, तर ते कळेपर्यंत त्याचीच आणखी तीन-चार शिंगरं घोडीच्या मागे धावत असणार.

घोडा निवडायला आधार कशाचा? जनावराची नोंद ठेवणारं सरकारी खातं नाही, पशुवैद्य जवळपास नाही, आणि निम्मे शेजारी नुकतेच बोटीतून उतरलेले. राहता राहिली ती वर्तमानपत्रातली जाहिरात.

घोडेच नव्हते तिथे

ऑस्ट्रेलियात मुळात घोडा हा प्राणीच नव्हता. १७८८ मध्ये ब्रिटिश कैद्यांचा पहिला ताफा सिडनीला पोचला, तेव्हा वाटेत केप ऑफ गुड होपला विकत घेतलेली मोजकी जनावरं त्यांच्यासोबत उतरली. १८०० साली सगळ्या वसाहतीत मिळून सुमारे २०० घोडे असतील. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत एखादा चांगला अंडील घोडा बोटीतून जिवंत उतरणं ही सगळ्या वसाहतीची बातमी होई.

इथे आपल्या मातीचा एक धागा लागतो. त्या पहिल्या पिढीतल्या नामांकित घोड्यांपैकी एक होता हेक्टर, भारतातून आणलेला अरबी घोडा. कलकत्त्याच्या व्यापारी पेढीतून सिडनीला जाऊन बसलेल्या रॉबर्ट कॅम्पबेलने तो आणला. हा घोडा पूर्वी आर्थर वेलस्लीच्या मालकीचा होता, असं वसाहतीत सांगत. वेलस्ली म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला सेनापती, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. त्या लढाईत त्याच्या डायोमेड नावाच्या घोड्याला भाला लागला होता. हेक्टर खरोखर त्याच्या तबेल्यातला होता की नाही, याची शहानिशा करायला सिडनीतला माणूस असईला येणार नव्हता. पण मोठ्या माणसाचं नाव घोड्याला चिकटलं की घोड्याची किंमत वाढते, हे तेव्हाच सगळ्यांना कळून चुकलं होतं. वंशावळीच्या ओळीत सगळ्यात जास्त थापा का मारल्या जात, त्याचं मूळ इथे आहे.

१८०३ मध्येच ‘सिडनी गॅझेट’ सुरू झालं होतं. १८१० मध्ये सिडनीच्या हाइड पार्कात ७३व्या पलटणीच्या अधिकाऱ्यांनी पहिल्या रीतसर शर्यती भरवल्या. शर्यती आल्या, तसा इंग्लंडहून थरोब्रेड मागवण्याचा नाद श्रीमंतांना लागला.

थरोब्रेड म्हणजे काय, ते एका परिच्छेदात सांगतो. सतराव्या-अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये पूर्वेकडून आणलेले घोडे तिथल्या घोड्यांवर वापरून शर्यतीसाठी एक वेगळी जात घडवली गेली. आजच्या प्रत्येक थरोब्रेडचा बापाकडून जाणारा वंश बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या तीन घोड्यांपैकी एकापर्यंत पोचतो. या जातीची वंशनोंद इंग्लंडमध्ये ‘जनरल स्टड बुक’ या ग्रंथात ठेवली जाते आणि तिचं काम १७९१ मध्ये वेदरबी घराण्याने सुरू केलं. ज्या घोड्याचे आईबाप या पुस्तकात, तो जातिवंत. बाकीचे कितीही देखणे असोत, कितीही पळोत, ते ‘मिश्र’.

जाहिरात वरून खाली

आता एक जाहिरात ओळीओळीने वाचू. खाली येणारा मजकूर कुठल्या एका घोड्याचा नाही. त्या काळच्या जाहिरातींचा जो साचा होता, तो घेऊन मी मराठीत मांडतो आहे.

‘या हंगामात उभा राहणार.’ पहिली ओळ ही. घोडा कुठे उभा राहणार, हे महत्त्वाचं, कारण घोडी चालवत न्यायची असे. ओढे-नद्यांना पूल नव्हते, आणि पंचवीस मैलांवर घोडी नेऊन सोडणं म्हणजे ऐन पेरणी-मशागतीत एक जनावर आणि एक माणूस गमावणं.

चित्र. त्यावर विश्वास ठेवू नये. ते लाकडी किंवा धातूच्या ठशाचं असे, आणि छापखान्यात असे ठसे दोन-चारच असत. एकच ठसा तीन वेगवेगळ्या मालकांच्या घोड्यांवर छापला जाई. चित्र घोड्याचं रूप दाखवायला नसेच. वर्तमानपत्राच्या दाट मजकुरात शेतकऱ्याची नजर नेमकी तिथे जावी, एवढंच त्याचं काम.

‘इंग्लंडहून आणलेला.’ जाहिरातीतला सगळ्यात महाग शब्द. समुद्रप्रवासाला तीन-चार महिने लागत आणि वाटेत घोडे मरत. एवढा खर्च फालतू जनावरावर कोण करेल, असा हिशेब वाचणारा मनाशी करी. तो बराचसा बरोबरही होता, पण पूर्ण नाही. इंग्लंडमध्ये ज्याचे पाय गेले किंवा ज्याला तिथे कुणी घोडी दाखवत नव्हतं, असा घोडाही वसाहतीत ‘आयात’ म्हणून मिरवू शकत होता.

घोड्याचं नाव. नावाआधी ‘यंग’ लागलेलं दिसलं तर थांबून वाचावं. बाप प्रसिद्ध असला की मुलाला त्याचंच नाव ‘यंग’ लावून द्यायची पद्धत होती. त्यात खोटं काही नसे. पण घाईने वाचणाऱ्याला बापाचा पराक्रम मुलाच्या खात्यावर जमा झाल्यासारखा वाटे. शिवाय एकाच नावाचे दोन-तीन घोडे एकाच वेळी वसाहतीत असत.

वंशावळ. ही सगळ्यात लांब ओळ. अमक्याचा मुलगा, तमकीच्या पोटचा, तिची आई अमक्याची मुलगी, असं करत करत अठराव्या शतकातल्या एक्लिप्स किंवा हेरॉड या नामांकित घोड्यांपर्यंत. एक्लिप्स १७६४ च्या सूर्यग्रहणाच्या वेळी जन्मला म्हणून त्याचं ते नाव. आता गंमत बघा, त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक थरोब्रेडच्या वंशात एक्लिप्स कुठे ना कुठे होताच. त्याचं नाव छापल्याने घोडा दुसऱ्यापेक्षा वेगळा ठरत नव्हता. पाच-सहा पिढ्यांपूर्वीच्या एका पूर्वजाचा वाटा आजच्या वंशजात किती उरतो? प्रत्येक पिढीला निम्मा होत जातो. पाच पिढ्यांमागचा पूर्वज सरासरी बत्तिसावा हिस्सा देतो. आनुवंशिकतेचे मेंडेलचे नियम तेव्हा कुणाला माहीत नव्हते, पण निम्म्याचं निम्मं हा हिशेब जाणत्या पैदासकारांना कळत होता. म्हणून जाणता माणूस वंशावळीत आईबाप आणि आजेआजोबा एवढंच वाचे, आणि पुढची नामावळी सोडून देई.

तरीही ही ओळ मला मोलाची वाटते, आणि त्याला एक वेगळंच कारण आहे. वसाहतीत बराच काळ स्वतःची पक्की वंशनोंद नव्हती. न्यू साउथ वेल्सचं एक स्टड बुक १८५९ मध्ये निघालं, आणि विल्यम यूलने मेलबर्नहून ‘ऑस्ट्रेलियन स्टड बुक’चा पहिला खंड काढला तो १८७८ मध्ये. त्याआधी कुठला घोडा कुणाचा, हे लोकांना दिसेल अशा रीतीने कुठे छापलं जात होतं? याच जाहिरातींत. कुणी खोटी वंशावळ छापली की दुसऱ्या आठवड्यात प्रतिस्पर्धी मालकाचं खरमरीत पत्र संपादकाकडे हजर. असे वाद महिनोन्महिने चालत. पुढे नोंदी जुळवणाऱ्यांना या जाहिराती आणि ही भांडणं फार उपयोगी पडली.

पराक्रम. इथे मोठ्या घोड्यांचा प्रश्नच नव्हता. १८६० मध्ये हर्टल फिशरने मेलबर्नजवळ मॅरिबिर्नाँगला आणलेल्या ‘फिशरमन’ने इंग्लंडमध्ये सत्तरच्या आसपास शर्यती जिंकल्या होत्या. त्याला विशेषणांची गरज नव्हती. ज्याच्याकडे आकडे कमी, त्याच्या जाहिरातीत विशेषणं जास्त.

उंची आणि हाड. उंची ‘हँड’मध्ये देत. एक हँड म्हणजे चार इंच, आणि मोजायचं ते खांद्यापर्यंत. गुडघ्याखालच्या नळीचा घेर इंचांत दिलेला असे, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने वंशावळीपेक्षा ही ओळ कामाची. त्याला शर्यत जिंकायची नव्हती. त्याच्या थोड्या जाड, मिश्र घोडीला हा घोडा दाखवून असं जनावर हवं होतं, जे आठवडाभर गाडी ओढेल आणि गरज पडली तर चाळीस मैल धावेल. थरोब्रेडकडून चपळाई आणि दम मिळतो. पण नळी बारीक असली तर सगळं शिंगरू काटकुळं निघतं. नुसत्या शर्यतीच्या मागे लागून देशातले घोडे नाजूक होत चालले आहेत, अशी तक्रार एकोणिसावं शतकभर वसाहतीतल्या वर्तमानपत्रांत येत राहिली. ज्या मालकाने नळीचा घेर छापला, त्याने ही तक्रार ऐकली होती.

स्वभाव. ‘अत्यंत शांत’ असं बहुतेक जाहिरातींत छापलेलं असे, आणि जिथे ते छापलेलं नसे तिथे समजून जायचं. न्यूझीलंडमधल्या कँटरबरीला १८६२ मध्ये आलेला ‘ट्रॅड्यूसर’ त्याच्या खुनशी स्वभावासाठी कुप्रसिद्ध होता. त्याच्याजवळ जायला माणसं घाबरत. तरी त्याची पोरं शर्यती जिंकत राहिली, म्हणून घोड्या येत राहिल्या. शर्यतवाल्याला हा सौदा परवडतो. ज्याच्या घरची पोरंच घोड्याला पाणी पाजतात, त्या शेतकऱ्याला तो परवडत नाही.

फिरता घोडा आणि एकवीस दिवसांचं गणित

आयात केलेला महाग घोडा एकाच कुरणावर उभा राही आणि घोड्या त्याच्याकडे येत. मध्यम दर्जाचा घोडा मात्र स्वतः फिरे. त्याच्या जाहिरातीत वेळापत्रक असे: सोमवारी अमक्या खाणावळीत मुक्काम, मंगळवारी तमक्या गावी, बुधवारी नदीपलीकडे, शनिवारी परत मूळ ठिकाणी. पुढच्या आठवड्यात तीच फेरी, तेच दिवस. मोतद्दार, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा नोकर, एका घोड्यावर बसून पुढे आणि अंडील घोडा हातात धरून मागे, असे तीन-चार महिने.

दर आठवड्याला तीच फेरी का? याचं उत्तर घोडीच्या शरीरात आहे. घोडी वर्षभर माजावर येत नाही. दिवस मोठे होऊ लागले की तिचा हंगाम सुरू होतो. मग सुमारे दर एकवीस दिवसांनी ती माजावर येते आणि माज साधारण पाच ते सात दिवस टिकतो. माज आठवडाभराचा आणि घोड्याची फेरीही आठवड्याची, म्हणजे एखाद्या गावातली घोडी माजावर आली तर सहसा घोडा त्या माजात एकदा तरी गावातून जाणारच. भरवल्यावर तीन आठवड्यांनी घोडा तिसऱ्यांदा परत आला की मोतद्दार त्याला कुंपणापलीकडून घोडीला दाखवी. घोडीने कान मागे पाडले, लाथ झाडली, तर ती बहुधा गाभण. शांत उभी राहिली, तर पुन्हा भरवायची. सोनोग्राफी नाही, रक्ततपासणी नाही, तपासणीचं साधन घोडाच. ज्यांनी हे वेळापत्रक बसवलं त्यांनी शरीरशास्त्र वाचलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या जनावरांजवळ राहून त्यांना हे कळलं होतं, आणि एवढं नेमकं ज्ञान जाहिरातीतल्या खाणावळींच्या यादीत दडलेलं आहे, हे मला फार सुंदर वाटतं.

आणखी एक बारकावा. व्यालेली घोडी आठ-दहा दिवसांतच पुन्हा माजावर येते. अकरा महिन्यांचं गाभणपण आणि मग हा लगेचचा माज, दोन्ही जमले तर घोडी दरवर्षी साधारण त्याच सुमाराला शिंगरू देते. हा माज चुकला की पुढच्यावर जावं लागतं. असं तीन-चारदा झालं की हंगाम संपतो आणि वर्ष फुकट जातं. म्हणून सप्टेंबरात वीत असलेल्या घोडीचा मालक जाहिरातीत सगळ्यात आधी वार बघे.

मुक्काम खाणावळीत का, हेही उघड आहे. तिथे तबेला असतो, लोक जमतात, बातमी पसरते. खाणावळवाल्यालाही बरं, कारण घोडा बघायला आलेला माणूस तहानलेला असतो. ही सगळी भिस्त मोतद्दारावर असे. न्यू साउथ वेल्सला कैदी पाठवणं १८४० मध्ये थांबलं, पण त्याआधी आणि त्यानंतरही काही वर्षं हे काम करणाऱ्यांत शिक्षा भोगणारे किंवा शिक्षा संपलेले पुष्कळ होते. मालकाचं सगळ्यात महाग जनावर घेऊन महिनोन्महिने एकटा फिरणारा हा माणूस. पैसे गोळा करणारा तोच, घोडीची नोंद ठेवणारा तोच. जाहिरातीत त्याचं नाव बहुधा नसे. त्याची फी मात्र असे, आणि तिच्याकडे आता वळू.

खालून वर

मला विचाराल तर ही जाहिरात तळापासून वाचावी. वरच्या भागात मालक घोड्याबद्दल बोलतो, खालच्या भागात पैशाबद्दल, आणि पैशाबद्दल बोलताना माणूस सहसा नेमकं बोलतो.

फी गिनीमध्ये सांगत. गिनी म्हणजे २१ शिलिंग. पौंडाच्या २० शिलिंगांहून एकच जास्त, पण गिनीत भाव सांगणं प्रतिष्ठेचं. त्याखेरीज मोतद्दाराची वेगळी फी, काही शिलिंगांची, आणि ती रोख, घोडी भरवतानाच. घोडी कुरणावर ठेवली तर दर आठवड्याचा चराईचा आकार वेगळा. समजा फी ३ गिनी, मोतद्दाराचे ५ शिलिंग आणि सहा आठवड्यांची चराई आठवड्याला दीड शिलिंगाने. एकूण झाले ७७ शिलिंग, म्हणजे ३ पौंड १७ शिलिंग. ठळक टायपात छापलेल्या रकमेवर १४ शिलिंग वाढले. लहान शेतकऱ्याला हे कळायला शेवटची ओळ वाचावी लागे.

मोतद्दाराला दर घोडीमागे पैसे मिळत. म्हणजे जितक्या जास्त घोड्या, तितका त्याचा फायदा, मग त्या गाभण राहोत न राहोत. मालकाचा फायदा मात्र दूरवर बघून होता, कारण गाभण न राहिलेल्या घोड्यांची संख्या वाढली की पुढच्या वर्षी कुणी येणार नाही. म्हणूनच ‘फक्त चाळीस घोड्याच घेतल्या जातील’ अशी ओळ येते. ती वाचून जागा भरतील म्हणून लोक घाई करत, हे खरं. पण तिच्यात एक वचनही असे: तुमच्या घोडीच्या वाट्याला थकलेला घोडा येणार नाही.

पैसे कधी द्यायचे, ही सगळ्यात बोलकी अट. काही मालक हंगाम संपताना, जानेवारीच्या सुमाराला, पूर्ण रक्कम मागत. काही जण घोडी रिकामी राहिली तर पुढच्या वर्षी फुकट भरवून देत. आणि काही जण म्हणत, शिंगरू नाही तर पैसे नाहीत. या तीन अटींत जोखीम कोण उचलतो ते बघा. पहिल्यात सगळी शेतकऱ्यावर, दुसरीत वाटून, तिसरीत सगळी घोडेमालकावर. जो मालक तिसरी अट छापतो, त्याचा आपल्या घोड्यावर भरवसा तरी आहे, किंवा त्याला गिऱ्हाईक तरी मिळत नाही. कुठलं कारण खरं, हे फीच्या आकड्यावरून बहुधा कळे. फी चांगली आणि वर शिंगराची हमी, तर घोडा बघायला जावं.

१८४० च्या दशकाच्या सुरुवातीला वसाहतीवर मोठी मंदी आली. १८४३ मध्ये बँक ऑफ ऑस्ट्रेलिया बुडाली, मेंढ्यांना भाव उरला नाही, त्या उकळून चरबी विकण्याची पाळी आली. नाणं दिसेनासं झालं की व्यवहार धान्यावर, गुरांवर, पुढल्या तारखेच्या चिठ्ठ्यांवर येतो, आणि जाहिरातींतल्या अटीही सैल होतात. फी उतरते, दोन घोड्या आणणाऱ्याला सवलत मिळते, मुदत लांबते. मंदी किती खोल गेली हे बघायला बँकांचे हिशेब आहेतच, पण शेतकऱ्यापर्यंत ती कधी पोचली ते या तळच्या ओळी सांगतात.

एक वाक्य जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत सापडतं: काळजी पूर्ण घेतली जाईल, पण जबाबदारी नाही. घोडी कुंपण तोडून पळाली, साप चावला, दुसऱ्या घोड्याची लाथ बसून पाय मोडला, तर नुकसान तुमचं. हे वाक्य मालकाच्या धास्तीतून आलेलं आहे. लांबून आलेल्या डझनावारी अनोळखी घोड्या एका कुरणात सोडल्यावर काय काय होऊ शकतं, ते त्याने पाहिलेलं असे.

त्या कुरणाचं वर्णनही असे: भरपूर गवत, बारमाही पाणी. हंटर खोऱ्यातली ती गवताळ जमीन वॉनारुआ लोकांची होती. १८२० नंतरच्या दोन दशकांत ती त्यांच्याकडून हिसकावली गेली, त्यात माणसं मारली गेली. जे वाचले त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे याच जमिनीवरच्या मळ्यांत गुरं-घोडी राखली. जाहिरातीत ‘उत्तम कुरण’ एवढे दोन शब्द छापलेले असतात. ते वाचताना हे माहीत असायला हवं.

शिंगरू विकायचं कुठे?

घोडी भरवायचा खर्च शेतकरी का करी, याचं अर्धं उत्तर भारतात होतं. न्यू साउथ वेल्सवरून ‘वेलर’ म्हटले जाणारे हे घोडे १८३०-४० पासून मोठ्या प्रमाणावर कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांत उतरू लागले. ब्रिटिशांच्या फौजेला घोडदळासाठी, तोफा ओढण्यासाठी दरवर्षी नवे घोडे लागत. आपल्या दख्खनात भीमथडीची तट्टं होती. काटक, चिवट, डोंगरात तरबेज, मराठ्यांनी ज्यांच्या जोरावर मुलूख पालथा घातला ती. पण ब्रिटिश फौजेला हवं होतं उंच, अवजड स्वार आणि त्याचं सामान पेलणारं जनावर. मुंबईला इराणी आखातातून अरबी घोडे येतच होते. त्यांच्या जोडीला वेलर आले, आणि फौजेखेरीज साहेबांच्या आणि संस्थानिकांच्या बग्ग्यांनाही जुंपले गेले.

वेलर ही थरोब्रेडसारखी बंदिस्त जात नव्हती. थरोब्रेड बाप आणि घरची धट्टीकट्टी मिश्र घोडी, असा त्याचा सर्वसाधारण जन्म. म्हणजे हंटर खोऱ्यातल्या शेतकऱ्याने जी जाहिरात वाचून घोडी पाठवली, तिचं फळ पाच वर्षांनी मुंबईच्या गोदीवर उतरत असे. भारतातली फौज कसलं जनावर घेते, हे वसाहतीतल्या पैदासकारांना नीट ठाऊक होतं, आणि आपला घोडा तसलीच पोरं देतो असं जाहिरातींत लिहिलं जाऊ लागलं. ‘याची संतती भारतात चांगल्या भावाने गेली’ या दाव्याचं वजन शर्यतीतल्या विजयापेक्षा कमी नव्हतं, कारण शर्यत एकच घोडा जिंकतो आणि फौज बोटी भरून घोडे घेते. पुढे १८५१ मध्ये सोनं सापडलं, खाणींकडे जाणाऱ्या घोडागाड्यांचं जाळं पसरलं, तेव्हा घरच्या बाजारातही अशाच जनावराला भाव आला.

खिलार वळूचे फोटो, त्याच्या बापाचं नाव, जिंकलेल्या शर्यती आणि मालकाचा फोन नंबर असलेली पोस्टर आज आपल्याकडे मोबाइलवर फिरतात, त्यात आणि या जाहिरातीत मला फारसा फरक दिसत नाही. फक्त अटी छापायची पद्धत आपल्याकडे कमी, त्या तोंडी ठरतात.

एकोणिसावं शतक संपत आलं तसा या जाहिरातींचा बाज बदलला. लाकडी ठशांच्या जागी छायाचित्रं आली, म्हणजे निदान चित्र त्याच घोड्याचं असू लागलं. स्टड बुक हाताशी आल्यावर वंशावळीच्या थापा मारणं अवघड झालं आणि ती ओळ आखूड झाली. खिशात मावतील अशी छापील कार्डं निघाली, ज्यात मोतद्दार घोडीची नोंदही करू शके. अवजड शेतकामाला क्लाइड्सडेलसारख्या जाती आल्या, त्यामुळे शेतकऱ्यांच्या वर्तमानपत्रांत थरोब्रेडच्या जाहिरातींशेजारी त्यांच्याही जाहिरातींची गर्दी झाली. फिरते घोडे ट्रॅक्टर येईपर्यंत फिरत राहिले. भारताकडे येणाऱ्या वेलरांच्या बोटी १९३० च्या दशकापर्यंत येत होत्या. फौजेत यांत्रिक वाहनं आली तशी ती वाहतूक आटली.

थरोब्रेडच्या पैदाशीला कृत्रिम रेतन आजही चालत नाही. घोडी घोड्याकडे न्यावीच लागते, मग ती ऑस्ट्रेलियात असो किंवा पुण्याच्या आसपासच्या एखाद्या स्टड फार्मवर. जाहिरातीत फीच्या आकड्यापुढे आज बहुधा लिहिलेलं असतं: जिवंत शिंगरू उभं राहिलं तरच देय.